एक ते दीड

दुपारी एक वाजला की आमच्या मस्तगडच्या गल्लीत टण्ण असा आवाज होतो. देवळाची घंटा नव्हे. नामदेवराव आपल्या दाराशी टांगलेल्या लोखंडी सळईच्या तुकड्यावर हातोडी मारतात. मग घड्याळ हातात धरून गल्लीभर फिरतात आणि ज्याच्या हातात काम असेल त्याला थांबवतात. दीड वाजता पुन्हा टण्ण. मुलांनो, तुम्ही फोनवर विचारता ना, "आजी, मागे कसला आवाज झाला?", तो हा.

नामदेवराव एमआयडीसीतल्या, सळया बनवणाऱ्या एका रोलिंग मिलमध्ये टाइमकीपर होते, म्हणजे कामगारांची हजेरी, सुट्टी, रजा लिहिणारे. सळई तिथलीच. नोकरी संपली, पण कायदा अंगातून उतरला नाही. "पाच तास काम झालं की अर्धा तास सुट्टी. बराबर? बिलकुल बराबर." प्रश्नही त्यांचा, उत्तरही त्यांचंच.

समोर बांधकाम चाललं होतं तेव्हा तर रोज तमाशा. गवंडी ओरडायचा, "काका, माल सुकून राह्यलाय!"

"सुकू दे. माल पुन्हा कालवता येतो. तुला कोण कालवणार?"

गवंडी कपाळावर हात मारायचा, पण थापी खाली ठेवायचा.

बायकोलाही रविवारची सुट्टी. त्या दिवशी पिठलं ते स्वतः करतात. शांताबाई माझ्याकडे येऊन बसतात आणि म्हणतात, "रविवारी माझी सुट्टी, अन् सोमवारी दिवसभर कढई घासा. कायद्यात कढईचं काही लिहिलेलं न्हाई वाटतं."

मला त्यांनी पकडलं ते कॅलेंडरवरून. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे धुण्याभांड्याला कौसाबाई आली, ती त्यांनीच आणलेली. "गरजू हाय, बाई. मालक वारलाय," एवढंच म्हणाले. मला सगळं नीट नोंदलेलं लागतं, तुम्ही जाणताच. कौसाबाईचा खाडा झाला की मी त्या तारखेभोवती लाल गोल करत असे. नामदेवरावांनी एकदा ते गोल पाहिले.

"लाल कशापायी? वीस दिवस भरले की एक दिवस रजा तिच्या हक्काची."

"तो कायदा कारखान्याचा आहे, नामदेवराव. हे माझं स्वयंपाकघर आहे."

"पायाला काय कळतं, कारखान्यात उभा हाय का स्वयंपाकघरात?"

मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, लाल पेन कधी सोडलं नाही; त्या दिवशी ते खणात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते हिरवं पेन घेऊन आले आणि कॅलेंडरच्या कडेला ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'भरपगारी रजा'. खाली सही केली. तिची शेपटी पार महिन्याच्या अखेरीपर्यंत गेली.

कौसाबाई मात्र वैतागायची. "काका, मला अजून दोन घरं हायेत. तुमच्या अर्ध्या तासापायी घरी जायला अंधार व्हतो!" तरी ते ऐकत नसत. ती माझ्या दारच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसायची आणि गल्लीची फेरी संपवून ते फाटकाशी उन्हात उभे राहायचे, दीड वाजेपर्यंत. आत या म्हटलं तरी येत नसत. तिच्याकडे पाहतही नसत. हट्टी माणूस, असं मी मनाशी म्हणायची.

यंदा उन्हाळ्यात एका दुपारी कौसाबाई म्हणाली, "बाई, उद्या खाडा हाय. कोर्टात तारीख हाय." तिच्याकडे कागद होते, इंग्रजी. मी चष्मा लावून वाचले.

तिचा नवरा रोलिंग मशीनवर होता. तापलेली सळई उसळून अंगावर आली, जागीच गेला. वेळ, एक वाजून दहा मिनिटं. भरपाईच्या दाव्यावर कंपनीचं उत्तर असं, की हजेरीबुकाप्रमाणे एक ते दीड त्याची सुट्टी होती. सुट्टीत तो आपल्या मनाने मशीनपाशी गेला, कंपनीचा संबंध नाही.

"सुट्टी कुठली, बाई? डबा तसाच भरलेला घरी आल्ता," कौसाबाई म्हणाली. "वकील म्हंत्यात, ज्यानं बुकात लिहिलं त्यानंच खरं सांगावं. तो कोण, कुठला, मला ठाऊक न्हाई. तो कशाला सांगतोय?"

शेवटी हजेरीबुकाच्या पानाची प्रत जोडली होती. रांगेने नावं, प्रत्येकापुढे एक ते दीड, एक ते दीड. तळाला टाइमकीपरची सही. शेपटी पानाच्या कडेपर्यंत गेलेली.

कौसाबाईला वाचता येत नाही. मी कागद घडी करून तिला दिले आणि ती गेल्यावर तशीच नामदेवरावांकडे गेले.

कौसाबाईचे कागद वाचले, असं मी सांगताच नामदेवराव म्हणाले, "सकाळी आठलाच बुक भरायचो, बाई. सगळ्यांची सुट्टी. सगळ्या मिलमध्ये तसंच चालतं. दुपारी जाऊन कधी पाह्यलं न्हाई, कोण बसलं, कोण न्हाई." मग म्हणाले, "तो मशीनवर पडला, तवा माझ्या बुकात तो जेवून राह्यल्ता."

"उद्या तारीख आहे," मी म्हणाले.

"तिच्या वकिलाच्या दोन चिठ्ठ्या आल्त्या. खोटं लिहिलं म्हणून मलाच धरतील."

"धरतील कदाचित."

खोटा धीर मला देता आला नाही. घरी येऊन मी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी एक वाजला आणि सळई वाजली नाही. गल्लीतला इस्त्रीवाला हातातली इस्त्री तशीच धरून मला विचारत होता, "बाई, आज सुट्टी न्हाई का?"

परवा कौसाबाई कामाला आली. भांडी घासायला बसली. मग पाठमोरीच म्हणाली, "काका आल्ते कोर्टात. लिहिणारे तेच व्हते म्हणं. समद्यांसमोर सांगितलं, बुक सकाळीच भरलेलं. कंपनीच्या वकिलानं लई झोडपलं, तवा खोटं का आता खोटं, म्हणून." निकाल अजून लागायचा आहे. त्यांचं काय होईल, तेही कुणाला ठाऊक नाही.

एक वाजता टण्ण झालं. नामदेवराव येऊन फाटकाशी उन्हात उभे राहिले. कौसाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्या स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं, फाटकाजवळच्या सावलीत नेऊन ठेवलं आणि आपल्या जागी येऊन, भिंतीकडे तोंड करून बसली.

दीड वाजेपर्यंत ते त्या स्टुलावर बसले नाहीत. तिनेही ते आत आणलं नाही. मीही नाही.