खात्रीअण्णा आणि बेसूर घंटा

या, जरा पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलात की डोळा लागतो, आणि आजची गोष्ट जाग्या माणसाची आहे. इतक्या जाग्या माणसाची, की त्याच्या डोळ्यांदेखत हवी ती वस्तू समोरून गेली आणि त्याने तिची रीतसर नोंद करून ठेवली. मन लावून ऐका. पदरात काही पडलं तर तुमचं, नाही पडलं तर फसवलं म्हणायला जागा नाही, कारण मी तुमच्याकडून घेतलेलं काहीच नाही.

तर सत्य असं आहे, की या जगात फसवणूक टाळण्याचा एकच बिनचूक उपाय आहे: काहीही न घेणे. बाकीचे सगळे उपाय हे याच उपायाकडे जाणारे लांबचे रस्ते आहेत. हे ज्यांना सर्वांत आधी उमगलं ते आमचे खात्रीअण्णा. नोकरीभर वजनमापं तपासली. निवृत्त झाल्यावर तपासायला वजनं उरली नाहीत, म्हणून ते माणसं तपासू लागले. दूधवाल्याने "नमस्कार अण्णा" म्हटलं, तर नमस्कारात पाणी किती, हे ते आधी पाहत.

घरात दोघंच. अण्णा आणि त्यांची थोरली बहीण, ताई. ताईंचे कान चालले होते. पहिल्यांदा टीव्हीचा आवाज वाढला, मग दाराची बेल ऐकू येईनाशी झाली, आणि एक दिवस डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं, की आता जे काही ऐकवायचं असेल ते लवकर ऐकवा. (बाजूला घ्यायची गरज नव्हती. ताईंना तसंही ऐकू आलं नसतं.)

घरी आल्यावर ताई म्हणाल्या, "धाकट्या, मला दुसरं काही नको. आईची घंटा तेवढी एकदा ऐकव. मग कान गेले तरी जाऊ देत."

या दोघांची आई शाळेत शिपाई होती. हातात धरून वाजवायची पितळी घंटा घेऊन ती व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. एकदा पायरीवर घंटा पडली, आतला लोलक तुटला आणि दांड्याला चीर गेली. आईने लोलकाच्या जागी एक नट तारेने बांधला. तेव्हापासून घंटा 'ठण्' करून थांबायची नाही, पाठोपाठ 'ठक्' करायची. ठण्-ठक्. मुख्याध्यापक म्हणायचे, "बाई, ही बेसूर वाजते." आई म्हणायची, "साहेब, शाळा सुटते ना? मग झालं." पुढे शाळा बंद पडली, घंटा भंगारात गेली, आणि आई त्याही आधी गेली होती.

आता जुन्या वस्तूंचे लिलाव मोबाइलवर चालतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आपल्या घरातून जी वस्तू कचरा म्हणून गेली, तीच दुसऱ्याच्या घरात वारसा म्हणून दिसली की तिच्यावर बोली लावायची, एवढी साधी ही पद्धत आहे. अण्णांनी तिथे 'शाळेची जुनी घंटा' असा शोध घेतला आणि त्यांच्या समोर घंटाच घंटा आल्या. दुसरा कुणी असता तर बोली लावून मोकळा झाला असता. अण्णांनी मंडळ स्थापन केलं.

'दक्ष संग्राहक मंडळ' सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत भरत असे. अध्यक्ष अण्णा. चिटणीस म्हणून निवृत्त टंकलेखक होते, ज्यांना जुनी कुलपं जमवण्याचा नाद होता (किल्ल्या त्यांच्याकडे एकाही कुलपाच्या नव्हत्या, पण खरी कुलपं अशीच असतात, असं त्यांचं म्हणणं). मंडळाने नियम केले. फोटो अंधुक असेल तर विक्रेता काहीतरी लपवतो आहे. फोटो स्वच्छ असेल तर तो सराईत आहे. वस्तूची माहिती कमी दिली तर माल चोरीचा, जास्त दिली तर कहाणी रचलेली. किंमत कमी असेल तर माल खोटा, जास्त असेल तर लूट. आणि किंमत योग्य असेल तर सर्वांत सावध राहावे, कारण योग्य किंमत मागणारा माणूस आजवर कुणी पाहिलेला नाही.

मंडळाच्या पहिल्या वर्षाच्या अहवालानुसार तपासलेल्या वस्तूंपैकी शंभर टक्के संशयास्पद आढळल्या. दुसऱ्या वर्षी हे प्रमाण वाढलं.

लिलावात विक्रेत्याचेच साथीदार खोट्या बोली लावून भाव चढवतात, हा गैरप्रकार मंडळाने विशेष मनावर घेतला. असा प्रकार चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी मंडळाचे सभासद स्वतः बोली लावून बघत. याला 'तपासणी बोली' म्हणत. बोलीने भाव चढला, की गैरप्रकार सिद्ध होई. तो जवळजवळ प्रत्येक वेळी सिद्ध झाला.

एवढ्यावर न थांबता अण्णांनी मंडळाच्या पत्रिकेत एक लेख लिहिला: 'अस्सल घंटा कशी ओळखावी'. त्यात आईच्या घंटेची सगळी लक्षणं दिली. दांड्याला चीर, लोलकाच्या जागी नट, तो तारेने बांधलेला. लेख फार वाखाणला गेला. तो सर्वांत बारकाईने वाचला पितळवाले शेठ यांनी.

शेठ मोठे सज्जन. त्यांच्याकडे नऊशे घंटा होत्या आणि त्यातली प्रत्येक घंटा जगातली एकमेव होती. लेख आल्यावर दोन आठवड्यांत प्रत्येक घंटेच्या दांड्याला चीर गेली आणि प्रत्येकीत नट आला. सोबत प्रमाणपत्रही येई, आणि त्यावर एका शिपाईबाईंची हकिगत असे, जी वाचून चिटणिसांचे डोळे भरून आले होते. विक्रेत्यांनी मंडळाला द्यायची पडताळणी वर्गणीही शेठनी वेळेवर भरली होती. अशा माणसावर अविश्वास दाखवणं अन्यायाचं झालं असतं. अण्णांनी घंटा घेतली.

ताईंनी ती कानाजवळ धरून वाजवली. टण्ण.

"ही नाही," ताई म्हणाल्या.

"ताई, प्रमाणपत्र आहे!"

"मग ते वाजवून दाखव."

"अगं, सगळी लक्षणं जुळतात!"

"लक्षणं जुळायला ही काय सोयरीक आहे? ही नाही म्हटलं ना."

अण्णांनी विचार केला. एका बाजूला प्रमाणपत्र, दुसऱ्या बाजूला जाऊ घातलेले कान. निष्कर्ष उघड होता. त्यांनी ताईंना पुन्हा डॉक्टरांकडे नेलं.

त्याच सुमारास लिलावात आणखी एक घंटा आली. फोटो हललेला. घंटा एका इस्त्रीच्या टेबलावर उभी, शेजारी इस्त्रीचं टोक आणि कुणाच्या तरी शर्टाची बाही. खाली एकच ओळ: 'घंटा आहे. कपडे वाऱ्याने उडू नयेत म्हणून ठेवत होते.' नियमाप्रमाणे अण्णांनी फोन केला. पलीकडे इस्त्रीवाली बाई होती.

"घंटा कुठल्या शाळेची?"

"शाळेची आहे होय? मला वाटलं, सायकलवर आइसफ्रूट विकणाऱ्याची असेल. भंगारवाल्याकडून घेतली होती, दादा."

"वाजते का?"

"वाजते. पण धड नाही वाजत, आधीच सांगते. मागाहून बोलणी नकोत."

"मग विकता कशाला?"

"छपराचा पत्रा गळतो हो. लोकांचे कपडे भिजतात. पाऊस तोंडावर आलाय. घेताय का?"

अण्णांनी फोन ठेवला आणि तीन गोष्टी टिपून घेतल्या. एक, विक्रेतीला मालाची माहिती नाही. दोन, गिऱ्हाइकाचं मन द्रवावं म्हणून छप्पर गळतं आहे. तीन, ती स्वतःच्या मालाला स्वतःच नावं ठेवते. मंडळाच्या मते विश्वास संपादन करण्याचा याहून घातक प्रकार दुसरा नाही. शेठनी आपल्या मालाला आजवर एकदाही नाव ठेवलेलं नव्हतं.

मंडळाने तिला पत्र धाडलं, की वस्तू तपासणीसाठी पाठवावी. बाईने ती पाठवली. स्वतःच्या खर्चाने, कुणीतरी परत न नेलेल्या उशीच्या अभ्र्यात बांधून.

तपासणी अतिशय शास्त्रीय झाली. पुरावा हलू नये म्हणून नट आधी दोऱ्याने घट्ट बांधला. घंटा वाजवून पाहण्याचा प्रश्नच नव्हता, कारण वापराने वस्तूचं मोल घटतं. दांड्याला चिंधी गुंडाळलेली होती. अध्यक्षांच्या लेखात चिंधीचा उल्लेख नव्हता. चिंधी सोडून खाली पाहावं, असं चिटणिसांनी दबकत सुचवलं, पण वस्तूच्या स्वरूपात बदल करणं नियमबाह्य होतं. आणि तो नट! जुना, गंजका, वेडावाकडा. शेठच्या नऊशे घंटांमधल्या नऊशे चकचकीत नटांशी तो जुळेना. आता नऊशे घंटा एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला असेल, तर खोटं कोण, हे सांगायला मंडळ लागत नाही. तरी मंडळाने सांगितलं. अण्णांनी सही केली: बनावट.

मंडळाच्या तक्रारीवरून बाईचं लिलावातलं खातं बंद झालं. तिचं नाव फसव्या विक्रेत्यांच्या यादीत गेलं. घंटा परत करावी तर ती दुसऱ्या कुणाला फसवील, आणि पैसे द्यावेत तर फसवणुकीला उत्तेजन मिळेल. म्हणून मंडळाने घंटा ठेवून घेतली आणि पैसे दिले नाहीत. समाजहितासाठी असे कठोर निर्णय कुणाला तरी घ्यावेच लागतात.

पुढे मंडळाने बनावट वस्तूंचं प्रदर्शन भरवलं. मधल्या टेबलावर हीच घंटा आणि तिच्यापुढे पाटी: 'बनावट वस्तूचा उत्कृष्ट नमुना. पाहा आणि सावध व्हा.' उद्घाटनाला ताईही आल्या. आता त्यांना काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. भाषणं चालू असताना त्या एकट्याच प्रसन्न चेहऱ्याने बसल्या होत्या.

चिटणीस अहवाल वाचत होते, तेव्हा ताई उठल्या. टेबलाजवळ गेल्या. पाटीकडे न बघता त्यांनी घंटा उचलली आणि आत बोट घातलं. बोटाने आतला नट चाचपला. मग दांड्याची चिंधी दोन वेढे सोडली आणि अंगठा खाली घातला. अण्णा लगबगीने जवळ गेले.

"धाकट्या," ताई म्हणाल्या. त्यांना वाटलं, आपण हळू बोलतोय. सगळ्या खोलीला ऐकू गेलं. "हा नट माझ्या सायकलच्या पेडलचा आहे. मीच काढून दिला होता आईला. तू पाळण्यात होतास, तुला काय ठाऊक!"

अण्णांनी पाटीकडे बोट दाखवलं. ताईंनी ती वाचली.

"सही कुणाची?"

अण्णांनी स्वतःच्या छातीला बोट लावलं.

"विकत घे मग."

चिटणिसांनी अध्यक्षांच्या कानाशी येऊन नियम सांगितला, की बनावट वस्तूची विक्री म्हणजे फसवणूक, मंडळाला ती करता येणार नाही. आणि एकदा दिलेला निर्णय मागे घेतला तर लोकांचा खरेखोटेपणावरचा विश्वास उडेल. अण्णा मान डोलावत राहिले. हा नियम त्यांनीच लिहिला होता, आणि भाषा खरोखर निर्दोष होती.

एवढ्यात ताईंनी दोरा तोडला, घंटा पिशवीत टाकली, वरून पदर घेतला, आणि ज्या चेहऱ्याने माणूस काहीच केलं नाही असं दाखवतो, त्या चेहऱ्याने दाराकडे निघाल्या.

ठण्-ठक्.

पावलागणिक. ठण्-ठक्. ठण्-ठक्. सगळी खोली वळून बघू लागली. ताईंना मात्र आपण मुंगीच्या पावलांनी जातोय असंच वाटत होतं.

आणि मग काय झालं ऐका. पहिल्यांदा कुलपांचे संग्राहक उठले. मग काडेपेटीवाले, मग जुन्या बटणांचे अभ्यासक. चिटणिसांनी अहवाल वाक्याच्या मधेच मिटला. घंटा झाली होती. ज्यांनी उभ्या आयुष्यात कशाचीही खात्री केल्याशिवाय पाऊल उचललं नाही, ते सगळे आपापल्या पिशव्या उचलून, एकमेकांना ढकलत, जिना उतरून बाहेर पडले. एकानेही विचारलं नाही, की ही घंटा अस्सल आहे का. शाळा सुटली होती.

रस्त्यावर अण्णांनी ताईंना गाठलं. ताई मागे वळून म्हणाल्या, "कुणाला कळलं तर नाही ना रे?"

अण्णांनी मान हलवली. कुणालाच नाही.

"वाजते कशी? तशीच?"

अण्णांनी घंटा पिशवीतून काढली, ताईंचा तळवा तिच्या पोटावर ठेवला आणि हलवली. ताईंनी डोळे मिटले. पहिला हादरा आला, त्यामागून दुसरा.

"बेसूरच आहे," ताई समाधानाने म्हणाल्या.

आता ती घंटा घरी असते. जेवण झालं की ताई वाजवतात, शेजारचे घड्याळ लावतात. प्रदर्शनातली जागा रिकामी दिसू नये म्हणून अण्णांनी शेठची घंटा, प्रमाणपत्र काढून, तिथे ठेवून दिली. पाटी तीच. मंडळाच्या इतिहासात खरी ठरलेली ती पहिली पाटी. मंडळ आजही जोरात चालू आहे.

गोष्ट संपली. बहीणभावाला आईची घंटा मिळाली, तुमचेही डोळे जरा ओले झालेले दिसतात, म्हणजे माझं काम झालं. आता उठाल, चपला शोधाल. फक्त एक विनंती. पहिल्यापासून तुम्ही घंटेची काळजी केलीत, ताईंच्या कानांची केलीत, अण्णांची तर हसत हसत केलीत. पैसे कुणाला मिळाले नाहीत, हे तुम्ही ऐकलंत, मान डोलावलीत आणि पुढे काय झालं म्हणून विचारलंत. तेव्हा जाता जाता त्या इस्त्रीवाल्या बाईची आठवण ठेवा. तिचं नाव अजून यादीत आहे. पाऊस सुरू झालाय.