पाहुण्यानं बसायचं

धर्मा तांडेलाच्या तरीत, खाडी ओलांडायच्या त्या होडीत, पाय ठेवला की तो आधी विचारायचा, "पाहुना का गाववाला?"

प्रश्न साधा नव्हता. बोर्लीच्या बाजाराला जायचं तर आधी खाडी ओलांडायची, आणि ओहोटीला होडी चिखलात रुतायची. मग गाववाल्यांनी गुडघाभर चिखलात उतरून ढकलायचं आणि पाहुण्यांनी कोरडं बसायचं, हा धर्माचा कायदा. मुंबईला मोटार चालवायला गेलेल्या स्वतःच्या मुलाला त्याने दोन वर्षांत पाहुणा ठरवलं. घरजावयाला मात्र लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी चिखलात उतरवलं. मी शाळामास्तर, गावात सहा वर्षं काढलेली. एकदा धोतर खोचून उतरायला लागलो तर म्हणाला, "बसा गुरुजी. तुमची बदली व्हायची हाय." मला ते लागलं होतं, खोटं कशाला सांगू.

त्याचा बालमित्र हसनमियां फाळणीनंतर कराचीला गेला होता. मुलगा तिथे गोदीत कामाला, आणि हसनमियांला नातू बघायचा होता. तो तिकडे असतानाच पासपोर्ट सुरू झाले. घरी परतायला कागद लागतो म्हणाले, तेव्हा या बाबाने हाती आला तो कागद घेतला. तो पाकिस्तानचा निघाला. स्वतःच्या घरी आला तो एका महिन्याच्या परवान्यावर, म्हसळ्याला पोलिसांत हजेरी देत.

त्याला इथेच राहू द्यावं, असा गावातर्फे अर्ज मी लिहिला. दुकानाच्या पायरीवर दोन तट पडले. कोणी म्हणे, "त्याच्या बापाची कबर हितं हाय, त्यो जाईल कुठं?" कोणी म्हणे, "देस सोतंत्र झाला नि ह्यो सोडून गेला ना?" सगळे धर्माकडे बघत होते. झेंड्यापायी लाठ्या खाल्लेला गावात तो एकटा. त्याचा अंगठा उठला असता तर बाकीचे मुकाट्याने आले असते.

धर्माने हात मागे घेतला. "देस म्हंजे काय माजी होडी न्हाय, गुरुजी. मधीच उतरायचं नि परत चढायचं, आसं न्हाय चालत."

अर्ज पाच अंगठ्यांनिशी गेला आणि नामंजूर होऊन आला.

हसनमियां निघाला त्या सकाळी तरीत आम्ही तिघेच होतो. मी त्याला मुंबईपर्यंत सोडायला चाललो होतो. तो पुढे ट्रंक मांडीवर घेऊन बसला. धर्माने काही विचारलं नाही. खाडीला भरपूर पाणी होतं, तरी त्याने होडी नेहमीच्या वाटेवरून बाजूला काढली आणि सरळ उथळात घातली. होडी रुतली.

"हसन्या, उतर," धर्मा म्हणाला. "ढकल."

हसनमियांने मांडीवरची ट्रंक खाली ठेवली. मग लेंगा वर घेतला आणि पासष्टीचा तो म्हातारा चिखलात उतरला. धर्माही शेजारी उतरला. दोघांनी खांदे लावले.

"आंगठा देयाला हवा व्हता मी," धर्मा खाली मान घालून म्हणाला.

हसनमियांचे डोळे वाहत होते. "ढकल आता," तो म्हणाला. "यस्टी चुकंल."

होडी केव्हाच सुटली होती, तरी दोघे ढकलतच राहिले. मला राहवेना. मी चपला काढल्या आणि उठलो.

"तुमी बसा, गुरुजी," दोघेही एकदम म्हणाले.