दोन्ही बाजूंचं सोलापूर

सिद्धलिंगप्पांच्या बैठकीत पाऊल टाकण्याआधी मालतीनं चिमीचा लंगोट चाचपून पाहिला. कोरडा होता. पायऱ्या चढताना पुन्हा चाचपला. अजून कोरडाच.

"अगं, घटकाघटकाला काय बघतेस?" मागून सासूबाई म्हणाल्या. "विहिरीला पाणी लागलंय का बघावं तसं."

विहिरींचा विषय त्यांच्या घरात असा येताजाता निघायचा, कारण दुष्काळ पडल्यापासून मालती विहिरींतच होती. भूगोलात एम. ए. करायचं म्हणून तिनं तालुक्यातल्या विहिरी मोजायला घेतल्या होत्या. पोटात चिमी, हातात दोरी, अशी ती एस. टी.नं गावोगाव हिंडली. कचेरीला सुट्टी असली की कमलाकर बरोबर यायचा आणि बायको विहिरीत वाकली की तिचा पदर घट्ट धरून उभा राहायचा. तिच्या सरांनी, म्हणजे शरच्चंद्र सरांनी, ती सगळी मोजमापं पुण्याला एका स्नेह्याकडे पाठवली आणि तिथल्या कॉम्प्युटरनं त्यांचा नकाशा छापून दिला. नकाशा म्हणजे लांबरुंद कागदावर नुसते चौकोनच चौकोन. जमिनीच्या एकेका तुकड्याला एकेक चौकोन. विहिरींना पाणी असेल तिथं फुली, नसेल तिथं चौकोन कोरा. "जिथं कोरं, तिथं कोरडं," असं सर म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

हैदराबादच्या भूगोल परिषदेत विद्यार्थ्यांना निबंध वाचायला मिळणार होते. मालतीचा निबंध निवडला गेला, फक्त गाडीभाडं ज्याचं त्यानं बघायचं होतं. कॉलेजकडे पैसे नव्हते, कमलाकरकडे तर नव्हतेच. शिवाय चिमी अंगावर पिणारी, म्हणजे ती बरोबर हवी, आणि तिला सांभाळायला सासूबाई हव्यात. सासूबाईंची तयारी निबंध निवडला जाण्याआधीच झाली होती, त्यांना चारमिनारजवळ बांगड्या घ्यायच्या होत्या. सरांनी मग सिद्धलिंगप्पांचं नाव सुचवलं. चादरींचा मोठा कारखाना, हुशार मुलांना मदत करायची हौस. "फक्त फार समजावत बसू नका," सरांनी बजावलं होतं. "थोडक्यात सांगा."

मालतीनं थोडक्यात सांगितलं. नकाशा काढलाय, हैदराबादला मोठमोठ्या लोकांपुढे दाखवायचाय, जायला मदत हवी.

"नकाशा?" सिद्धलिंगप्पा पुढे सरकले. "बगू की."

तिनं कागद उलगडला. सिद्धलिंगप्पांनी चष्मा लावला आणि फुल्यांवरून बोट फिरवलं.

"चौकोनावर काडलाय. येवडं बारीक काम हातानं?"

"हातानं नाही, यंत्रानं. आधी पत्त्यांना भोकं पाडतात, मग ते पत्ते यंत्राला घालतात."

"मग, पत्त्याबिगर कसं व्हईल?" सिद्धलिंगप्पा खूश झाले. "आमच्याकडं पन तसंच हाय की."

मालतीला भरून आलं. कॉलेजात अर्ध्या प्राध्यापकांना कॉम्प्युटरचे पत्ते समजावताना तिच्या नाकी नऊ आले होते, आणि हा गृहस्थ बसल्या जागी ओळखत होता. आभार मानायला लागली की मालतीला थांबता येत नसे. माहेरून आलेली ती खोड होती. तिनं आभार मानले, पुन्हा मानले, आणि त्या भरात आतून पोह्यांच्या बश्या घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोचे, रत्नम्मांचेही मानले. सिद्धलिंगप्पांनी तिघींचं जाण्यायेण्याचं भाडं कबूल केलं. वर म्हणाले, "लेकरू आईबिगर ऱ्हात न्हाय, आनि आई सासूबिगर. लई चांगलं हाय." मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "येवडा नकाशा चार दिस ठेवून जाताय का? आमच्या कारखान्याच्या मास्तरला दावतो."

झोपायच्या आधी दाराची कडी दोनदा आणि रॉकेलचा स्टो तीनदा तपासून बघणारी ही बाई. पण ज्या माणसानं आत्ताच एवढं दिलं, त्याला नाही कसं म्हणायचं? पुण्याच्या यंत्रानं छापलेला तो एकुलता एक कागद मालतीनं त्यांच्या हाती ठेवला आणि जाता जाता पुन्हा आभार मानले.

हैदराबादची गाडी रात्रीची होती. निघायच्या दिवशी सकाळी ती कागद आणायला कारखान्यात गेली, तेव्हा सिद्धलिंगप्पा दारातच वाट पाहत होते. त्यांनी तिला थेट मागांच्या खोलीत नेलं. खटखटाटात काही ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. जेकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर वरून भोकांच्या पत्त्यांची माळ फिरत होती आणि बाजूच्या टेबलावर तिचा नकाशा होता. त्याच्या पट्ट्या कापलेल्या होत्या. पत्ते पाडणाऱ्यांना सोपं जावं म्हणून मास्तरनी त्या पुठ्ठ्यावर चिकटवून त्यांवर तांबड्या शाईनं खुणाही केल्या होत्या.

तेव्हा कुठे मालतीच्या डोक्यात उजेड पडला. या कारखान्यात चादरीच्या नक्षीलाही नकाशाच म्हणत.

सिद्धलिंगप्पांनी तिच्या हातावर घडी ठेवली. तांबड्यावर पिवळी फुली, जाड, ऊबदार, नवीकोरी चादर.

"कारखान्यातली पयली," ते म्हणाले. "फकस्त येक हाय. तुमच्या नकाशाचं वजन सगळं येकीकडंच पडत हुतं. म्हून मास्तरनं दुसरीकडं पन तसंच घेतलं."

मालतीनं घडी उलगडली. मास्तरनी तालुका आरशात धरावा तसा दुप्पट केला होता. सीना नदी चादरीच्या दोन्ही काठांनी वाहत होती. सोलापुरं दोन झाली होती. आणि मधल्या शिवेवर मोकळं मोकळं दिसतं म्हणून मास्तरनी एक मोर घातला होता.

"कसा हाय?"

मालतीनं टेबलावरच्या कापलेल्या पट्ट्यांकडे पाहिलं. पण समोरचा माणूस इतका आनंदात होता, की तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "फार उपकार झाले."

घरी येऊन ती पलंगावर बसली ती बसलीच. कमलाकरनं चादर जमिनीवर पसरली, तिच्याभोवती फेरी मारली आणि गुडघ्यावर बसून एकेक ओळ मालतीच्या कच्च्या टिपणांशी ताडून पाहिली. उजवीकडचं सोलापूर बिनचूक होतं. एक फुली इकडची तिकडे नव्हती.

"मोराच्या अलीकडे मुडप की," तो म्हणाला. "अर्धी चादर मागं. खरं सोलापूर पुढं."

सासूबाईंना एवढंच कळलं की प्रवासाला पांघरूण झालं. रात्रभर गाडीत ते सोलापूर चिमीच्या अंगावर होतं आणि रात्रभर मालती लंगोट चाचपत होती.

परिषदेत इतर मुलांनीही यंत्रानं छापलेले नकाशे आणले होते. छपाई इतकी फिकट, की पहिल्या बाकाच्या मागे कुणाला काही दिसत नव्हतं. अध्यक्ष म्हणून बसलेले वयस्क प्राध्यापक अधूनमधून डुलक्या घेत होते. मालतीचं नाव पुकारलं तेव्हा ती मुडपलेली चादर घेऊन पुढे गेली. दोघा मुलांनी चादर फळ्यावर टाचण्यांनी लावून दिली. ती तांबडी-पिवळी फळ्यावर चढताच अध्यक्ष जागे झाले. शेवटच्या बाकावर सासूबाईंच्या मांडीवर बसलेल्या चिमीनंही बोट दाखवलं.

मालती वाचत गेली. इथं फुल्या का, तिथं कोरं का, तळ्याच्या अंगाला पाणी का टिकलं. लोक माना डोलवत होते. आणि निबंध संपता संपता, सोलापूरच्या चादरीचं वजन ते, टाचण्या सुटल्या. मागचा अर्धा भाग भस्सकन बाजूला उलगडला. दोन सीना, दोन सोलापुरं, मध्ये मोर.

अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि फार गंभीरपणे विचारलं, की नकाशातल्या बाकी खुणा समजल्या, पण हा मोर काय दर्शवतो?

मालतीच्या तोंडून खरं तेवढं बाहेर पडलं.

"तो आमच्या देणगीदारांचा आहे, सर."

हशा उसळला तो टाळ्यांत जाऊन मिसळला. नंतर लोकांनी तिच्याभोवती गर्दी केली. एकानं पत्ते कुणी पाडले विचारलं, दुसऱ्यानं धुतल्यावर फुल्या टिकतात का विचारलं. अध्यक्षांनी निबंध छापायला मागून घेतला. पलीकडे सासूबाई कुणा पाहुणीला सांगत होत्या, की ही आमची सून, एवढंसं पोट असल्यापासून विहिरीत वाकतेय.

परत आल्यावर पेढे घेऊन मालती सिद्धलिंगप्पांकडे गेली. चादर बरोबर होती, सासूबाई होत्या, चिमी होती. आज सांगायचंच, असं तिनं ठरवलं होतं. जो माणूस भलत्याच समजुतीनं इतकं देतो, त्याला अंधारात ठेवून नुसते पेढे कसे द्यायचे? पण खरं कळल्यावर ते चिडले, तर तिचं काय व्हायचं ते होवो, पुढं कॉलेजातल्या कुणालाच या घरातून भाडं मिळायचं नाही. त्या काळजीत ती लंगोट चाचपायची विसरली.

रत्नम्मांनी चिमीला खेळायला जमिनीवर तीच चादर पसरली. सिद्धलिंगप्पांनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "मग, काय म्हनले आमच्या नकाशाला?"

मालतीनं सगळं सांगितलं. ही नक्षी नाही, हा तालुका आहे. या फुल्या म्हणजे विहिरींचं पाणी. परिषद चादरींची नव्हती, भूगोलाची होती. "तुमचा गैरसमज झालाय हे मला कारखान्यात कळलं," ती म्हणाली, "पण सांगायचा धीर झाला नाही."

सिद्धलिंगप्पांचा पेढा तोंडातच राहिला.

"म्हंजे नकाशा ह्यो नकाशाच हुता?"

"हो."

"कोरं म्हंजे कोरडं?"

"हो."

ते रत्नम्मांकडे वळले. "तरीच तू म्हनत हुतीस, ही चादर बगितली की तहान लागती."

रत्नम्मा कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. ते ऐकून सिद्धलिंगप्पाही गदगदा हसले. डोळे पुसत म्हणाले, "पोरी, मला वाटलं नक्षीची परिषद, म्हून दिलं. इहिरीची हाय म्हनली आस्तीस तर आदी दिलं आस्तं. आमच्या मळ्यातली पन आटलीया की. सरांना सांगा, दर सालाला येक पोरगं पाठवा. मुलगी आसली तरी चालंल, सासू बरुबर आसली तरी चालंल. नकाशा मात्र हितं ठेवायचा न्हाय. आमचा मास्तर लई कातऱ्या चालवतो."

मालतीला आभार मानायची एवढी सवय असून नेमका आज एक शब्द फुटेना. तिनं नुसते हात जोडले.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, चिमे."

रत्नम्मांनी चिमीला उचललं. चादरीवर ताटाएवढा ओला डाग पसरत होता. मालती धावली, पण सिद्धलिंगप्पांनी तिला हातानं थांबवलं. चष्मा लावून ते खाली वाकले.

"हे कुटलं सोलापूर? खरं का आमचं?"

"खरं," मालती शरमून म्हणाली.

"आनि हितं काय दावलंय तुमच्या यंत्रानं?"

मालतीनं पाहिलं. चौकोन कोरा होता.

"कोरडं."

सिद्धलिंगप्पांनी मान हलवली. "मग तितं येक फुली वाडवा की."