बोरी अरबची तिसरी प्रत

दर सोमवारी सकाळी दहा वाजता इंगोलेभाऊ आमचा सर्व्हर मारत असत. रीतसर बंद करायचे, वायर काढून टेबलावर ठेवायचे आणि कचेरीभर सांगत फिरायचे, "सर्व्हर मेला. आता कोनी कायलेच हात लावू नका."

उमरखेडच्या त्या जिनिंग फॅक्टरीत भाऊ कॉम्प्युटर सांभाळत आणि मी पत्रव्यवहार. कोणाचा कापूस कधी आला, काट्यावर किती भरला, कोणती गाठ कुठं गेली, सगळं त्या एका यंत्रात. ते बंद म्हणजे फाटकाबाहेर गाड्या खोळंबल्या. भाऊ मात्र सावकाश कपाटातली सीडी काढून सगळा डेटा एका जुन्या मशीनवर उतरवून दाखवत. मॅनेजर ओरडले की म्हणत, "साहेब, घेतला म्हनजे बॅकअप होत नाई. उतरून दिसला तं बॅकअप."

माणूसच तसा. पिशवीत दोन छत्र्या, त्यातली एक सकाळीच उघडून तपासलेली. बॅकअपच्या मात्र तीन प्रती. एक कचेरीत, एक स्वतःच्या घरी आणि तिसरी थेट बोरी अरबला. दर शनिवारी दोन गाड्या बदलून भाऊ ती ठेवायला जात.

"एवढ्या लांब काहून?" मी एकदा त्यांच्याच बोलीत विचारलं.

"पैनगंगेचा पूर बोरीले पोहोचत नाई."

"मग जवळच्या पुसदलाही पोहोचत नाही."

"पुसदले आपलं कोनी नाई," म्हणाले आणि कीबोर्ड पुसू लागले.

ती वर्षं कापसाच्या मरणाची होती. भाव नव्हता, बोंडाला अळी होती, फाटकाबाहेरची रांग आटत चालली होती. एका सोमवारी आठवडाभराच्या मिळून चार नोंदी उतरल्या. भाऊंनी त्या चारही मोठ्यानं वाचून तपासल्या. आम्ही हसलो नाही.

मग एका दुपारी वीज पडली आणि सर्व्हर खरंच मेला. कपाटातल्या सीड्या त्याच पावसात गळक्या छतानं खाल्ल्या होत्या. घरची प्रत वाचताच येईना. भाऊंनी दर सोमवारी कपाटातलीच तपासली होती, घरची कधीच नाही. मॅनेजरांनी मला भाऊंसोबत बोरीला पिटाळलं.

तिथं एका घरासमोर भाऊ ओट्यावर बसले. उंबरठा ओलांडला नाही. आतून तिशीची एक बाई सीडी घेऊन आली, धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेली.

"ऊन लागलं?" भाऊंनी विचारलं.

"नाई."

"ओरखडा?"

"नाई. लेकरांच्या हाती लागू देत नाई मी."

तिनं चहा आणला. भाऊंनी बशी कोरडी होईपर्यंत प्यायला. एवढंच बोलणं.

परतीच्या गाडीत खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, "पोरगी हाय माही. आपल्या मर्जीनं लग्न केलं तिनं. मी सगळ्या बिरादरीसमोर बोलून बसलो, कामाशिवाय तिच्या दारात पाय ठेवनार नाई."

"कामाशिवाय?"

"थो शब्द मीच घातला," भाऊ म्हणाले. "रागात होतो, तरी घातला."

त्या सीडीवरून सगळा डेटा उतरला. कोणी शाबासकी दिली नाही. पुढच्या हंगामात फॅक्टरीच बंद पडली. कॉम्प्युटर टेम्पोत चढत होते तेव्हा भाऊ माझ्या टेबलाशी आले.

"बुवा, तिसरी प्रत दर शनिवारी तपासाची, असा आदेश लिहून द्या मले."

मला भयंकर राग आला. "भाऊ, फॅक्टरी गेली. तुम्ही गेलात, मी गेलो. कोणाचा डेटा आणि कसला आदेश? सरळ जा ना लेकीकडे."

"कामाशिवाय कसा जाऊ?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं. लेटरहेड टेम्पोत गेले होते, म्हणून कोऱ्या कागदावर लिहिलं, 'प्रत दर शनिवारी प्रत्यक्ष जाऊन तपासावी.' खाली सही केली.

"पद लिवा," भाऊ म्हणाले.

मी पद लिहिलं. ते आदल्याच दिवशी गेलं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. भाऊंनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं.

"आज शुक्रवारच ना?" त्यांनी विचारलं. "मंग सकाळची गाडी पाहा लागते."