साळखात्यातले हात

आमचे नारायणभावजी मोबाईलशी बोलण्याआधी घसा खाकरतात, आणि मग इतक्या जोरात ओरडतात की खाली मसाल्याच्या दुकानातला माणूस मान वर करून बघतो.

"किती वाजले गो बाय?"

मोबाईलमधली बाई हळू आवाजात वेळ सांगते. ती भावजींना ऐकू जात नाही. मग ते मला विचारतात, "काय म्हणता ती?" मी त्यांच्याच डोक्यावरच्या घड्याळात बघून कानाशी ओरडून वेळ सांगते. भावजी खूश. "हुशार आसा हां बाई!"

लालबागच्या आमच्या चाळीत त्यांची खोली माझ्या शेजारी. सगळी उमर गिरणीत साळखात्यात गेली, म्हणजे कापड विणायच्या साच्यांवर. त्या खडखडाटात कान गेले. तिथे तोंडानं बोलून उपयोग नसे, सगळे हातानं बोलायचे. ती सवय भावजींनी घरी आणली. त्यांची बायको सुमन सगळ्या खुणा शिकली, वर स्वतःची एक काढली. भावजी पाळी संपवून अंगणात आले की ती गॅलरीतून तळहात माशाच्या शेपटीसारखा हलवायची. आज बांगडा आहे, लवकर या.

सुमन गेली. मूलबाळ नाही. खुणा समजणारं कोणी उरलं नाही, म्हणून भावजी ओरडायला लागले. कानाचं यंत्र आणलं होतं. ते "चावतं" म्हणून डब्यात पडून आहे.

शेवटच्या खोलीतली सानिका दहा वर्षांची. बोलायला लागली की गप्प बसत नाही, पण पुस्तक उघडलं की घाम फुटतो. अक्षरं जागेवर राहत नाहीत म्हणते. शाळेतल्या बाईंनी डॉक्टरांना दाखवायला लावलं. पोर मठ्ठ नाही, तिला लिहिण्यावाचण्यापुरती अडचण आहे, असं निघालं. आमच्या वेळी असल्या पोरीला धपाटा घालून भांड्यांना बसवायचे. मला चौथीनंतर बसवलं, आणि मला तर वाचता येत होतं.

बाई म्हणाल्या, निबंध मोबाईलला तोंडी सांग. तो लिहील, तोच वाचून दाखवील, चुकलं तर तू सुधार. घरात मोबाईल एकच, तो बाप कामावर नेतो. बाप म्हणाला, "हे तरी जमतंय का बघू. नाहीतर मे महिन्यात गावी माझ्या आईकडे ठेवतो हिला. तिथे घरकाम तरी शिकेल."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. भावजींनी आपला मोबाईल तिच्या हातात दिला. पुतण्यानं दिलेला, चांगला मोठा. नंतर स्वतः शिकवायला बसले. चुकलं ते तिथेच.

सानिका म्हणाली, "आमच्या चाळीत लांब गॅलरी आहे."

"मोठ्यानं बोल!" भावजी ओरडले.

"गॅलरीत सगळ्यांची तुळस आहे."

"थांबू नको गो, धागा तुटेल!"

मग तिनं बटण दाबलं आणि मोबाईलमधली बाई गोड आवाजात वाचू लागली. गॅलरीच्या पुढे 'मोठ्यानं बोल', तुळशीच्या पुढे 'थांबू नको'. मधेच मी भाजीवाल्याला "फ्लॉवर किडका आहे रे" म्हटलं होतं, तेही निबंधात. सानिका आधी हसली, मग रडायला लागली. निबंध दुसऱ्या दिवशी द्यायचा होता.

मी म्हटलं, "भावजी, तोंड बंद ठेवा."

"मग शिकवू कसं?"

"साळखात्यात नव्या माणसाला कसं शिकवत होतात?"

भावजी आपल्या हातांकडे बघत बसले. मग उठून तिच्यासमोर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज ऐकला. तळहात खाली दाबला, म्हणजे थांब. हात साच्यातल्या धोट्यासारखा इकडून तिकडे सरकवला, म्हणजे चालू दे. दोन बोटांनी गाठ मारली, म्हणजे तुटलं, मागे जाऊन पुन्हा जोड. पोरीला तासाभरात सगळं आलं. कागदावरची अक्षरं नाचली की ती गोंधळते, भावजींचे हात नाचत होते ते मात्र बरोबर कळत होतं.

निबंध झाला. मोबाईलमधली बाई शेवट वाचू लागली, "नारायण आजोबा ओरडतात कारण त्यांना ऐकू येत नाही. पण हातानं बोलतात तेव्हा हळू बोलतात."

"काय म्हणता ती?" भावजींनी मला विचारलं.

"चाळीत तुमची बदनामी करतेय."

भावजी मनापासून हसले.

शाळेतल्या बाईंनी निबंध वर्गात ऐकवला. बापानं गावाचं नाव काढायचं सोडलं. मोबाईल आता रोज संध्याकाळी सानिकाकडे असतो आणि भावजी वेळ डोक्यावरच्या घड्याळातच बघतात.

परवा दुपारी ती शाळेतून आली. भावजी गॅलरीत उभे होते. मला वाटलं, आता ओरडतील. पण त्यांनी कठड्यावरून हात बाहेर काढला आणि तळहात शेपटीसारखा हलवला.

ती खूण काही साळखात्यातली नव्हती. पोरीला ती कधी शिकवली, मला माहीत नाही. तिनं खालूनच पोटावर हात फिरवला आणि दप्तर सावरत जिना चढायला लागली.

सुमन गेल्यापासून त्या खोलीतून बांगड्याचा वास आला नव्हता. त्या दुपारी आला. भावजींनी जरा करपवलाच होता.