मामांची सोललेली वायर

मी आज जो काही आहे तो यशवंतमामांमुळे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि कोल्हापुरात ठेवून घेऊन मला शिकवलं ते त्यांनी. उद्यमनगरात त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरींना नवी तार गुंडाळून देण्याचं, दुकान आहे. या मामांना कुणी "तब्येत कशी हाय?" विचारलं, की ते काठी आपटून ओरडतात, "वायर सोललीया, मोटर जळली न्हाय!"

मामांना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं. आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती ते खरवडून काढते. डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा मामा चक्क खूश झाले. "तारंवरचं इन्शुलेशन गेलं म्हना की! म्हंजे माझ्याच धंद्यातला आजार." तेव्हापासून आधाराला कुणी हात पुढे केला तर म्हणतात, "लोड घेऊ नगंस, बाजूला हो." फोन कायम स्पीकरवर, आणि आवाज असा की गल्लीला वेगळं काही सांगावं लागत नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या एकुलत्या लेकीला, सुलूला, बघायला मलकापूरहून पाहुणे आले. त्यासाठी मीही पुण्याहून आलो होतो. मामींनी सकाळीच काठी पलंगाखाली सारली. "आज तेवढं खुर्चीतनं उठू नगासा. पायाला लागलंय म्हणून सांगू."

"आपल्या दुकानात मोटर गिऱ्हाइकासमोरच खोलत्यात," मामा म्हणाले. पाहुण्यांच्या हातात चहा पडतो न पडतो, तोच त्यांनी मेंदूच्या एमआरआयची फिल्म खिडकीला धरली. "हे पांढरं ठिपकं बघा पावणं. हितं सोललंय."

मुलाच्या वडिलांचा कप हवेतच राहिला. "रक्तातलं हाय का हे?"

"आमचा भाचा एमेस्सी हाय. सांग रं, सदा!"

मी उभा राहून सांगितलं. मायलिनमध्ये जी प्रथिनं असतात, त्यांच्या जनुकांत माणसागणिक बारीक फरक असतात. त्यानं धोका किती बदलतो याचा अभ्यास चालू आहे. असा एखादा फरक असला म्हणजे आजार होतोच असं नाही. आजारी माणसाच्या मुलांना धोका इतरांपेक्षा थोडा जास्त, पण बहुतेकांना काही होत नाही.

"थोडा म्हंजे हायच की," म्हणत पाहुणे उठले. "कळवतो."

"कळवा, न्हायतर ऱ्हाऊ द्या!" मामा गरजले. "लपवून द्यायला माझी लेक काय चोरीचा माल हाय?"

मामींनी डोळ्याला पदर लावला. पाहुण्यांनी न शिवलेल्या बशीतला लाडू उचलत सुलू म्हणाली, "आबा, तुमच्या आजाराला न्हाय, आवाजाला भिऊन पळालं ते."

संध्याकाळी मी पुण्याला निघालो. मामा दारापर्यंत आले आणि त्यांनी माझा दंड धरला. आवाज इतका खाली, की मला वाकावं लागलं. "माझ्याकडनं तिला काय गेलं असंल का रं? खरं सांग. आत्ता नगं. फोनवर बी नगं."

म्हणून दुकानाच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. त्यांची नजर धूसर असते, म्हणून मोठ्या अक्षरांत.

मामा,

थोडा धोका गेला असेल. नाही म्हणणार नाही. पण तो द्यायचा की नाही, हे तुमच्या हातात नव्हतं.

तुमचा रिपोर्ट आला त्याच दिवशी सुलूनं मला हेच विचारलं होतं. मी हेच सांगितलं. ती म्हणाली, "लगीन करायचं तर करीन, पोरंबी होऊ दीन. पण मी इचारलं ते आबास्नी सांगू नगंस, भ्यातील ते."

आता मी सांगून बसलोय. ती मला शिव्या घालील, घालू दे. तुम्ही तिला दुकानात बोलावून घ्या, शटर ओढा आणि बोला.

तुमचा,
सदा