मृणालच्या सासरची चौकशी

खैरनारसाहेब कलिंगडावर विश्वास ठेवत नाहीत. आखातातल्या सालमियात, आमच्या इमारतीखालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, ते एकेक फळ कानाशी धरतात, बोटाने ठोकतात आणि मग दुकानदाराकडे असे पाहतात, की आपणच आतून कच्चे आहोत की काय, अशी शंका त्या बिचाऱ्याला येते. तेलवाहिन्यांना गंज कुठे चढला आहे, हे शोधण्यात साहेबांचा जन्म गेला. "गळती असतेच, वहिनी," ते मला सांगतात. "फक्त सापडलेली नसते."

साहेब मूळचे नाशिकचे. पत्नी गेल्यापासून आमच्या शेजारच्या घरात एकटेच राहतात. मुलगी मृणाल मातीचा अभ्यास करायला अमेरिकेत गेली आणि तिथल्याच एका शेतकऱ्याच्या मुलाशी लग्न करते म्हणाली. मका आणि सोयाबीन पिकवणारे घर, आडबाजूच्या एका काउंटीतले. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा. फक्त माणसे वजा केलेला.

"बाबा, तुम्ही हो म्हटल्याशिवाय तारीख ठरवणार नाही," मृणालने कळवले. "पण जन्मभर थांबणारही नाही."

दुसऱ्या एखाद्या बापाने मुलाच्या मामाकडे चौकशी केली असती. साहेबांनी सबंध काउंटीची आरंभली. तिथल्या हौशी मंडळींनी लिहिलेला जाडजूड इतिहास त्यांनी छापून घेतला, भिंतीवर नकाशा डकवला आणि दर शुक्रवारी दुपारी मला चहाला बोलावून आरोपपत्र वाचू लागले. बाहेर दमट वारा काचेवर धूळ लिंपत असे. आत वेलदोड्याचा वास आणि संशय.

"सरकारी कचेरी कोणत्या गावात असावी, यावरून भांडले हे लोक! एका गावाने दुसऱ्याची दफ्तरं गाडीत घालून पळवली. अशांच्या घरात मुलगी द्यायची?"

"पळवणारे केव्हाच गेले असतील हो."

"गंज एका दिवसात चढत नाही, वहिनी."

पुढच्या शुक्रवारी आरोपपत्रात तिथे वसलेले जर्मन आणि नॉर्वेजियन आले. दोघांची चर्चे एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना, दफनभूमीही वेगळ्या. "मेल्यावरसुद्धा शेजारी झोपत नाहीत!"

"तुमच्या गावात स्मशानं किती होती?" मी विचारले.

साहेबांनी चहा संपवला आणि पान उलटले.

अखेर मृणालनेच त्यांची मुलाच्या आजीशी पडद्यावर गाठ घालून दिली. मी साक्षीदार. तिकडे नुकतेच उजाडले होते. म्हातारी स्वयंपाकघरात बसली होती आणि मागच्या खिडकीत कापणी झालेले शेत राखाडी दिसत होते. साहेबांनी पेन्सिल सरसावली.

"रस्त्यापलीकडच्या चर्चवाल्यांशी तुमचं येणंजाणं आहे का?"

"माझी आजी तिकडचीच," म्हातारी म्हणाली. "नॉर्वेहून आलेली, आणि या जर्मन घरात सून झाली. पहिला हिवाळाभर तिची भाषा कुणालाच येईना. ती कोंबड्यांशी बोलायची."

साहेबांची पेन्सिल थांबली. गळती सापडली, आता नकार येणार, असे मी मनाशी धरले. पण त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"मग?"

"मग सासू तिच्याकडून रोज एक शब्द शिकू लागली." म्हातारीने कागद पुढे ओढला. "तुमच्याकडचं पहिलं काय शिकू?"

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली.

"जेवण झालं का?" त्यांनी एकेक शब्द सुटा करून सांगितला. "मृणाल सून होऊन आली, की रोज संध्याकाळी तिला हे विचारायचं. रोज."

पडद्याबाहेर कुणीतरी हुंदका गिळल्यासारखे वाटले; मृणालच असावी. म्हातारीने गरम घास तोंडात फिरवावा तसे ते शब्द फिरवून पाहिले.

"पुन्हा," साहेब म्हणाले.

तिने पुन्हा म्हटले. तिसऱ्या वेळी मात्र कागद बाजूला ठेवला, थेट साहेबांकडे पाहून विचारले, आणि ती उत्तराची वाट पाहू लागली.

साडेतीन वाजले होते. ओट्यावर साहेबांचे एकुलते ताट सकाळपासून पालथेच होते.

"नाही," ते मराठीतच म्हणाले. "अजून नाही."